आशीर्वाद देणाऱ्या बाहुलीची गोधडी

माझ्या लग्नात हुंडा दिला गेला नाही आणि घेतलाही गेला नाही. ही गोष्ट पेणच्या आणि रोह्याच्या दोन्ही घरांनी पुढे इतक्या जणांना, इतक्या वेळा आणि अशा काही स्वरात ऐकवली, की हुंडा झाला असता तर निदान सगळे त्याबद्दल गप्प तरी बसले असते, असे मला वाटू लागले. हुंड्याच्या जागी एक अट होती. ती मात्र कोणीच सांगत नाही, म्हणून मी सांगते.

माघ सरत आला होता. आमच्या पेणच्या घराच्या अंगणात पोह्याचे पापड वाळत होते आणि हिंगाचा, पापडखाराचा, तापलेल्या सुती कापडाचा असा मिळून एक वास बैठकीच्या खोलीपर्यंत येत होता. रोह्याहून तिघे जण मला बघायला आले होते : मुलगा, त्याची आई आणि त्याची मोठी वहिनी. मुलगा रोह्याजवळ नव्याने आलेल्या एका कंपनीत नुकताच कायम झाला होता. त्याला काहीही विचारले तरी तो 'ते शिफ्टवर आहे' असे उत्तर देई. लग्न कधी करायचे या प्रश्नालाही त्याने तेच उत्तर दिले. वहिनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर खाली मान घालून क्रोशाची सुई चालवत होती. बोलण्याचे काम आईने स्वतःकडे ठेवले होते.

माझे वडील शाळेत शिक्षक होते. मुलगी मराठी घेऊन बी. ए. झाली आहे आणि आता बाहेरून एम. ए.ला बसणार आहे, हे त्यांनी पोह्यांच्या बशा यायच्या आतच सांगून टाकले.

"कविता वगैरे करते का?" मुलाच्या आईने विचारले.

"वाचते," मी म्हणाले.

"करत नाहीस ना?"

"थोड्या करते."

त्यांनी माझ्या वडिलांकडे असे पाहिले, की जणू मला घेरी येण्याचा आजार असल्याचे मी कबूल केले होते.

"आणि शिवण?"

"येतं की," माझी आई आतून बशा घेऊन येता येताच म्हणाली. "सगळं येतं तिला."

त्या बाईंनी माझ्या आईकडे पाहिले. कोळणीने 'ताजी आहे' म्हणून हातात ठेवलेल्या मासळीकडे जाणते गिऱ्हाईक पाहते, तसे. मग पोहे संपवून, बशी खाली ठेवून, पदराने ओठ टिपून त्यांनी अट सांगितली.

"आम्हांला हुंडा नको. मानपान नको. रुखवतात तिच्या हातची एक शिवलेली वस्तू ठेवा. लहान का असेना. मला टाके बघायचेत. सुई धरता येत असेल, तर दुपारची पुस्तकं धरायला माझी ना नाही."

त्या वाक्यातला 'दुपार' हा शब्द मला आजही ऐकू येतो. सुनेच्या दिवसात बाकीचे सगळे प्रहर आधीच वाटून दिलेले असतात. सकाळ चुलीची, संध्याकाळ पुन्हा चुलीची आणि त्यानंतरचा वेळ शिफ्टवरून येणाऱ्या माणसाचा. मधली दोन ते पाच एवढीच काय ती कोणाची नसते. ती मला मिळाली, आणि शनिवारी पेणच्या ग्रंथालयात एस.टी.ने जाऊन यायची मुभा मिळाली, तर एम. ए. होईल. नाही मिळाली, तर माझे बी. ए. म्हणजे लग्नपत्रिकेत नावापुढे छापायची दोन अक्षरे, एवढाच त्याचा उपयोग. हे मला त्या खोलीत बसल्या बसल्या समजले आणि त्याच वेळी हेही आठवले, की मला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नाही.

पाहुणे गेल्यावर आई स्वयंपाकघरात हसत होती. "केवढीशी अट. मला वाटलं होतं, फ्रिज मागतील."

"पण मला शिवता येत नाही."

"तुला येत नाही. आत्याला येतं ना."

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ती आमच्याकडेच राहत असे आणि तिचे भरतकाम पेणमध्ये ठाऊक होते. गावात चार-पाच वर्षांत जितकी लग्ने झाली, त्यांतल्या निम्म्या मुलींच्या 'हातचे' टेबलक्लॉथ तिच्या हातचे होते. रुखवत ही आमच्याकडची मोठी गमतीची संस्था आहे. नवरी मुलगी किती गुणी आहे हे दाखवण्यासाठी तिची आई, आत्या, मावशी, शेजारीण आणि शाळेतल्या शिवणाच्या बाई दोन महिने राबतात. मग नवऱ्याकडच्या बायका येऊन ते सगळे मोठ्या कौतुकाने बघतात. आपल्याही रुखवतात हेच झाले होते हे त्यांना आठवत असते, पण त्या आठवणीची अडचण कोणालाही होत नाही. मंडपात एका बाजूला देवाधर्माच्या साक्षीने शपथा होतात आणि दुसऱ्या बाजूला टेबलावर, रंगीत चिठ्ठ्या लावून, हे असते.

मीच म्हणाले, की बाहुलीचा पलंग करू आणि त्यावर गोधडी. शिवायच्या ज्या ज्या वस्तू मला आठवल्या, त्यांत तीच सर्वांत लहान होती. वडिलांनी मोडक्या कपाटाच्या फळीतून सुताराकडून हातभर लांबीचा पलंग करून घेतला. त्याला चार गोल पाय होते आणि उशाशी कोरलेला एक मोर होता. तो मोर बराचसा कोंबडीसारखा दिसत असे.

गोधडीचे नाव काढताच आत्याने नाक मुरडले. "रुखवतात गोधडी? उद्या केरसुणी ठेवाल. मी रजई करते. गुलाबी सॅटिन, कडेला लेस, मध्ये 'शुभरात्री'."

आठ दिवसांत तिने ती करून आणली. तिच्यावरून हात फिरवला की बोटांना लोण्याची आठवण येई. टाके दिसतच नव्हते. कापडच आपल्या मर्जीने शंकरपाळ्यांत दुमडल्यासारखे वाटे. आई खूश झाली. विषय मिटला.

माझा मिटला नाही. याला कोणी प्रामाणिकपणा म्हणू नये. ती भीती होती. ही रजई माझी म्हणून रोह्याला गेली आणि लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी कोणी म्हणाले, 'सूनबाई, तेवढा एक अभ्रा शिव', तर? म्हणून मी ठरवले, की एक गोधडी आपण खरोखर शिवायची. कोणाला दाखवायची नाही, पण शिवायची.

दर उन्हाळ्यात खाडीकडच्या एका गावातली बाई आमच्याकडे गोधड्या शिवायला येत असे. तिचा नवरा मिठागरात कामाला होता. ती मागच्या पडवीत पाय पसरून बसे, जुनी लुगडी आणि धोतरे जमिनीवर अंथरून त्यांवरून तळवा फिरवी, आणि सगळी पडवी जुन्या कापडाच्या वासाने भरून जाई. तो वास मला अजून सांगता येत नाही. त्यात थोडे ऊन असते, थोडा घाम, थोडी पेटीतली डांबरगोळी, आणि आजारी माणसाच्या उशाशी बसल्यावर येते तशी एक ऊब. ती बाई आली की मी पडवीत जाऊन बसे. तिला मी बाहुलीच्या गोधडीचे सांगितले.

"भावलीची?" ती म्हणाली. "तिला थंडी वाजते व्हय?"

"लग्नात ठेवायची आहे."

"मंग आत्याबाईंनी केली हाय ती?"

"ती आत्याची. मला माझी करायची आहे."

तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि काही न विचारता एक वीत रुंद, दीड वीत लांब असे धोतराचे तुकडे फाडले. ते मधले पोट. खाली आईच्या विटलेल्या हिरव्या लुगड्याचा अस्तरासाठी तुकडा, आणि वर नऊ चौकोन. ते तिने मला निवडायला लावले. मी माझ्या परकराचा जांभळा, वडिलांच्या सदऱ्याचा रेघांचा, उशीच्या अभ्र्यावरची निळी फुले असे रंग मांडून, हलवून, पुन्हा मांडून अर्धी सकाळ घालवली. कडव्यात शब्द बसवताना करतात तसे. ती तिच्या कामाच्या तीन ओळी शिवून मोकळी झाली.

"झाला का गो तुझा खेल?" ती म्हणाली. "निजलेल्याला रंग नाय दिसत."

मग धावदोरा. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन असे आत आत यायचे, एवढेच तंत्र. तिचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे जात. माझे टाके मुंग्यांच्या वाटेत कोणी बोट घातल्यासारखे जात. सुई तीन थरांतून खाली जायच्या ऐवजी माझ्या बोटात जाई आणि त्या नऊ चौकोनांखेरीज एक तांबडा ठिपका दिसू लागे.

"वाकडा गेला तरी चालंल," ती म्हणाली. "पन खालपर्यंत गेला पायजे. वरवरचा टाका धुण्यात सुटतो."

मला ते वाक्य आवडले आणि मी ते लगेच वहीत लिहून ठेवले. ती म्हणाली, "लिवत बसलीस तं गोधडी कवा व्हनार?" हेही खरे होते.

चौदा दिवस लागले. झालेली वस्तू चौकोनी नव्हती. तिचा एक कोपरा नम्रतेने आत वळला होता आणि समोरचा तितक्याच उर्मटपणे बाहेर गेला होता. मागची बाजू बघवत नव्हती. पण मी तिला नाकाशी धरले तेव्हा तिला गोधडीचा वास येत होता, आणि मुठीत दाबून सोडली की ती हळूच उमलत असे. मी ती ट्रंकेत पुस्तकांखाली घालून ठेवली.

राहिली बाहुली. पेणमध्ये राहून बाहुली मुंबईहून आणायची, हे वडिलांना अपमानाचे वाटले. हमरापूरला त्यांचा एक जुना विद्यार्थी मूर्ती करत असे. वैशाखात त्या घरांतून पाय ठेवायला जागा नसते. ओसरीपासून माळ्यापर्यंत गणपतीच गणपती, काही बिनरंगाचे, काहींना नुसतेच डोळे. अशा गर्दीत गुरुजींच्या शब्दाखातर त्याने बाहुली करायचे कबूल केले आणि सीमांतपूजनाच्या दिवशी दुपारी स्वतः घेऊन आला. वरचा गवताचा वेढा काढला आणि रंगाचा ताजा, गोडसर वास मंडपभर झाला.

बाहुली सुरेख होती. नाक तरतरीत, गाल सफरचंदी, अंगावर हिरवा शालू, जरीचे काठ ब्रशाने एकेक रेघ ओढून काढलेले. डोळे मात्र गौरीचे होते, मोठे, टक्क उघडे. निजलेल्या बाहुलीचे डोळे मिटलेले असावेत ही सूचना कोणी दिलीच नव्हती. आणि तिचा उजवा हात कोपरात वाकून वर उचललेला होता, तळवा आपल्याकडे, बोटे सरळ. ती आशीर्वाद देत होती. डावा तळवा मांडीपाशी उताणा होता, म्हणजे कोणीही येऊन त्यावर मोदक ठेवावा.

आईने पलंगाकडे पाहिले, बाहुलीच्या हाताकडे पाहिले. मग म्हणाली, "अरे, हिला झोपवायची आहे."

"व्हय, पलंग बघितला मी."

"मग हात?"

तो गोंधळला. त्याने बाहुलीकडे असे पाहिले, की जणू तो हात त्याला पहिल्यांदाच दिसत होता. "हात खाली केला होता मी, काकू. पन रिकामा वाटाय लागला. मूर्ती पुरी झाल्यासारखी नाय वाटली."

"काढता येईल?"

त्याने दोन्ही कानांना हात लावले. "पुऱ्या झालेल्या मूर्तीचा हात मोडायचा? आमच्यात नाय करत." आणि आत्याही तेवढ्यात म्हणाली, की मोडक्या हाताची बाहुली लग्नघरात नको. या एका मुद्द्यावर सगळ्यांचे एकमत झाले. हात राहिला.

बाहुलीला पलंगावर निजवले. ती छताकडे बघत छताला आशीर्वाद देऊ लागली. वर आत्याची गुलाबी सॅटिनची रजई घातली. हाताच्या टोकावर तिचा तंबू झाला, क्षणभर थांबला आणि सगळी 'शुभरात्री' घसरून जमिनीवर आली. पुन्हा घातली, पुन्हा आली. कुशीवर वळवून पाहिली, तर बाहुली गडगडली. टाचण्या लावायचा विचार निघाला, तेव्हा आत्याने रजई छातीशी धरली.

"भोक पाडू त्यात, हातापुरतं," वडील म्हणाले. त्यांना हे सोपे वाटले.

"माझ्या सॅटिनला?" आत्या म्हणाली. "त्यापेक्षा बाहुलीला बोहल्यावर उभी करा. भटजींना तेवढीच मदत."

मंडपात टेबल मांडले होते, चिठ्ठ्या लिहून झाल्या होत्या, आणि अट शिवलेल्या वस्तूची होती. ती वस्तू म्हणजे बाहुलीचे पांघरूण, असे रोह्याला कळवूनही झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाची आई टाके बघणार होती. तेव्हा मी ट्रंकेतून माझी नऊ चौकोनांची गोधडी काढून आणली. आईने तिची मागची बाजू बघितली आणि डोळे मिटून घेतले. पण ती सुती होती, जड होती, घसरत नव्हती. मी मधल्या जांभळ्या चौकोनात कात्री घातली. काजाला घालतात तसे टाके घालून मी त्या भोकाची कड बसवली. बसवली म्हणजे सुतळीने पोते शिवतात तितकी ती बसली. गोधडी बाहुलीवर घातली, हात भोकातून वर काढला. आता ती बाहुली अगदी नीट पांघरूण घेऊन, डोळे टक्क उघडे ठेवून, एस.टी.ला हात दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. पापडांचे कमळ, मण्यांची पेटी, लोकरीचा पोपट, आत्याचा हंसांचा टेबलक्लॉथ, सगळ्यांवर माझ्या नावाच्या चिठ्ठ्या. बायका पलंगापाशी आल्या की मात्र थबकत. एकीने नकळत हात जोडले. दुसरीने बाहुलीला हळदकुंकू लावले, मग तिच्या मागचीनेही लावले, कारण पुढचीने लावले होते. थोड्या वेळाने डाव्या तळव्यावर कोणीतरी साखरफुटाणे ठेवले. मी मुंडावळ्या बांधून शेजारीच उभी होते, पण कोणीही माझ्या पाया पडले नाही.

मग त्या आल्या. माझ्या सासूबाई, आणखी अर्ध्या तासाने व्हायच्या होत्या. मागे थोरली सून, माझी होणारी जाऊ. सासूबाईंनी कमळाकडे, पोपटाकडे बघितलेही नाही. त्यांनी टेबलक्लॉथ उचलला आणि उलटा केला. शिवणाऱ्या बायका नेहमी मागची बाजू बघतात.

"हे हंस कोणी भरले?"

"हिनेच, विहीणबाई," आई म्हणाली.

"आणि ही गोधडी?"

"सगळं हिच्याच हातचं."

सासूबाईंनी बाहुलीचा हात अलगद भोकातून सोडवला, गोधडी उचलली, तीही उलटी केली आणि टेबलक्लॉथच्या शेजारी धरली. बायका पुढे सरकल्या. मोगऱ्याचा आणि घामाचा वास एकदम दाट झाला.

"हे दोन टाके एका हाताचे नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या. "यातलं एक दुसऱ्या कोणाचं आहे. कोणतं ते सांगा, म्हणजे झालं."

उत्तर अगदी सोपे होते. हंस माझे म्हणायचे, म्हणजे दुपारही माझी. आईने ते क्षणात ओळखले. "गोधडी होय," ती हसत म्हणाली, "ती म्हणजे तशी... शेजारची एक आठ वर्षांची मुलगी आहे, तिने हौसेने..."

मला पुढे पुष्कळांनी धीराची म्हटले आहे. धीर नव्हता. चौदा दिवस, दहा बोटे आणि नऊ रंग हे सगळे एका आठ वर्षांच्या मुलीच्या खात्यावर जात आहे, हे मला सहन झाले नाही. एवढेच.

"गोधडी माझी आहे," मी म्हणाले.

"मग हंस?"

मी आईकडे पाहिले. आई पापडांचे कमळ सारखे करू लागली. आणि आत्या, जिच्या भरतकामाने निम्म्या पेणभर दुसऱ्यांच्या नावाने संसार थाटले होते, ती मागून पुढे आली. "हंस माझे," ती म्हणाली. "नुसत्या पंखांत सोळा रंग आहेत. आता विचारताच आहात तर सांगते."

आमच्या घराण्यात खरे बोलण्याचे जे काही प्रसंग आले, ते असे गर्वामुळे आले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. "म्हणजे सुई धरता येत नाही."

"नाही."

"बरं." त्यांनी गोधडी पुन्हा बाहुलीवर घातली, तिचा हात भोकातून वर काढला, बोटे सरळ आहेत ना ते बघितले आणि म्हणाल्या, "चला, मुहूर्ताची वेळ झाली."

मी बोहल्यावर उभी राहिले, ती एम. ए. गमावून. मंगलाष्टके चालू असताना मी माझ्या ट्रंकेतल्या पुस्तकांचा विचार करत होते. आईने ती वरच्या थराला साड्या लावून झाकली होती, त्यांचीही लाज वाटत असल्यासारखी.

रोह्याच्या घरी त्या गोष्टीचा कोणी उच्चार केला नाही. दोन वाजता भांडी आवरली की सासूबाई शिवणाचा डबा पुढे ठेवत. "येत नाही ना, मग शिक." म्हणजे ज्या तासांसाठी मी हे सगळे केले होते, नेमक्या त्याच तासांत मला जावेच्या शेजारी सुई घेऊन बसवण्यात आले. माजघर थंड होते, पाट्यावरच्या ओल्या मसाल्याचा वास भिंतीत मुरलेला होता आणि जावेच्या हातातून दोरा जाताना एक बारीक सळसळ ऐकू येई. माझ्या हातातून जाताना दोरा तुटल्याचा आवाज येई.

तीन आठवडे मी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. उशीच्या अभ्र्याच्या तीनच नव्हे, चारही बाजू शिवून टाकल्या. सासूबाईंच्या चोळीला हुक लावले, ते सगळे एकाच बाजूला. नव्या खणाला कात्री लावली आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या काढल्या. शेवटी सासऱ्यांच्या बंडीचा फाटका गळा शिवताना खालचा थरही सुईत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेतावर जायच्या घाईत होते आणि बंडीत डोके घातलेले, बाहेर वाट न सापडलेले असे माजघरात बराच वेळ फिरत होते. पडवीतली बाई म्हणाली होती ते मी पाळले होते; टाका खालपर्यंत गेला होता.

त्या दुपारी सासूबाईंनी शिवणाचा डबा माझ्या पुढून उचलला.

"तू आपली पुस्तकं घेऊन बस," त्या म्हणाल्या. "घरातलं कापड तरी शाबूत राहील."

"आणि शनिवारी पेणला..."

"जा. जाताना वाटेत काही शिवू नकोस म्हणजे झालं."

ही गोष्ट मी पुढे अनेक ठिकाणी सांगितली. खऱ्या वाकड्या टाक्याने खोट्या सरळ टाक्यावर कसा विजय मिळवला, असे तिचे स्वरूप असे, आणि ऐकणारे हसत. मीही हसे. त्या गोष्टीतून मी एक व्यक्ती नेहमी वगळत असे.

परीक्षेच्या आधीच्या एका शनिवारी मी एस.टी.साठी निघाले होते आणि पोलक्याचा हुक तुटला. मला लावता येणार नाही हे घरात सर्वांना माहीत होते, म्हणून जावेने मला दारातच उभी केली आणि अंगावरच हुक लावायला घेतला. मान खाली, दोरा दातात. मी आपले काहीतरी बोलायचे म्हणून म्हणाले, "तुमच्या रुखवताच्या वेळीही सासूबाईंनी अट घातली होती का?"

"हीच," ती म्हणाली.

"हीच म्हणजे?"

"सुई धरता येत असेल तर पुस्तकं धरायला ना नाही. मला मॅट्रिकला गणितात चांगले गुण होते. शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं होतं, इथूनच, दोन वर्षं. रुखवत सगळं माझ्या हातचं होतं. अगदी सगळं. सासूबाईंनी एकेक वस्तू उलटी करून बघितली, आणि म्हणाल्या, शाब्बास."

"मग?"

"मग काय. ना कोणी म्हटलंच नाही. आजपर्यंत नाही म्हटलेलं. फक्त दुपारी काहीतरी शिवायचं असायचं." तिने दोऱ्याला गाठ मारली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि नव्या कापडाच्या खळीचा वास होता. "वाकडे टाके मलाही घालता आले असते, बाई. सुचलं नाही."

ती हे रागाने म्हणाली नाही. राग असता तर मला काही उत्तर देता आले असते. तिने दाताने दोरा तोडला, हुक दोनदा लावून काढून बघितला आणि माझ्या पाठीवर हलकी थाप मारली.

"जा. गाडी चुकेल."

मी गेले. नागोठणे येईपर्यंत मी पुस्तक उघडले नाही. गडबच्या थांब्यावर उघडले, कारण परीक्षेला अकरा दिवस राहिले होते.